झुकते माप

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहिले तर उत्तरेला व पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या दोन नद्यांनी त्याची सीमा आखून दिलेली दिसते. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. गांधीजींच्या वास्तव्याने ओळखल्या जाणाऱ्या त्या जिल्ह्यात गेली अनेक दशके दारूबंदी आहे. पूर्वेकडे चंद्रपूर जिल्हा. तेथे २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. त्याही पलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून ती लागू आहे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की काही भागात तेलंगण राज्य लागते. तेथील दुकाने निराळी आणि दरही निराळे. त्यामुळे आमच्या भागातील माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. बाटली सीमा ओलांडते. दुचाकीच्या डिकीतून, भाजीच्या पाटीखालून, दुधाच्या कॅनमधून ती या काठावरून त्या काठावर जाते. तिच्या मागोमाग काय जाते, हेही येथील बायाबापड्यांना ठाऊक आहे. दारूबंदीच्या मागणीसाठी या जिल्ह्यात स्त्रियांनी काढलेले मोर्चे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

अशा जिल्ह्यात राहणाऱ्या एका धर्मगुरूने, परदेशातील हौशी मंडळी सातासमुद्रापार एकमेकांना बिअरच्या बाटल्या कशा पाठवितात, या विषयावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. मी स्वतः मद्य घेत नाही. वेदीवरील द्राक्षारस तेवढा माझ्या ओठांना लागतो. तरीही गेल्या वर्षभरात या विषयाने माझा पिच्छा पुरविला, आणि त्याने मला बाटलीपेक्षा माणसांविषयी अधिक शिकविले. म्हणून हा लेखनप्रपंच. ज्या कुटुंबाविषयी पुढे लिहिले आहे, त्यांच्या संमतीने व त्यांची नावे न घेता लिहीत आहे.

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त शिक्षक आहेत. मराठी व गणित हे त्यांचे विषय. हाताखालून शेकडो विद्यार्थी गेले. मात्र भर उमेदीची बारा वर्षे त्यांनी दारूच्या पायी घालविली. पगाराच्या दिवशी त्यांची पत्नी शाळेच्या फाटकाशी उभी राहत असे, हे जुनी माणसे अजून सांगतात. अकरा वर्षांपूर्वी ते 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या मंडळाच्या बैठकांना जाऊ लागले आणि तेव्हापासून त्यांनी थेंबाला स्पर्श केलेला नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा अभियंता होऊन बेल्जियममधील गेंट शहरात नोकरीला आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याची आई मोबाइल हातात घेऊन माझ्याकडे आली. मुलाने पाठविलेले एक छायाचित्र त्यात होते. भिंतीला लावलेल्या फळीवर तीस-चाळीस बाटल्या ओळीने मांडलेल्या, आणि शेजारी हसतमुखाने उभा असलेला मुलगा. तिचा आवाज कापत होता.

"फादर, हे रक्तातच असते काय जी? बापाचं सुटलं, तं आता लेकाचं सुरू झालं."

मी तिला धीर दिला आणि मुलाशी बोलण्याचे आश्वासन दिले. त्याच रात्री फोन लावला. तो प्रथम हसला, मग गंभीर झाला. "फादर, त्या बाटल्या पिण्यासाठी कमी आणि पाठविण्यासाठी जास्त आहेत," असे म्हणून त्याने मला आपल्या छंदाची हकीकत सांगितली. ती मला अगदी नवी होती.

जगभरात बिअरचे चाहते आपापल्या गावाकडील, दुसरीकडे सहसा न मिळणारी बिअर एकमेकांना पाठवितात. विक्री नव्हे, निव्वळ फिट्टंफाट. प्रत्येक जण दोन याद्या करतो, आपल्याकडे काय आहे याची एक आणि आपल्याला काय हवे आहे याची दुसरी. दोन याद्या जुळल्या की पत्रव्यवहार सुरू होतो. नफा कमावणे हे या मंडळींत हलकेपणाचे समजले जाते. नवख्या माणसाने आपली पेटी आधी पाठवावी आणि जुन्याजाणत्याने ती पोहोचल्यावर आपली पाठवावी, असा त्यांचा रिवाज आहे. यांपैकी बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. करारपत्र नाही, जामीन नाही, फसविले गेल्यास दाद मागावी असे न्यायालय नाही. माणसाचा शब्द हीच सारी पुंजी, आणि एकदा तो मोडला की त्याच्याशी देवघेव करायला कोणी धजत नाही.

बाटल्या बांधण्याचीही एक कला आहे. बुचाभोवती चिकटपट्टी गुंडाळायची, प्रत्येक बाटली स्वतंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, म्हणजे एक फुटली तरी दुसरीला ओल लागत नाही. मग हवेचे फुगे असलेल्या प्लॅस्टिकचे वेढे द्यायचे, सगळ्या बाटल्या एका खोक्यात घालून तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवायचा आणि मधली जागा कागदाच्या बोळ्यांनी भरायची. शेवटी पेटी हलवून पाहायची. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायची. पाऊण लिटरची एक भरलेली काचेची बाटली सव्वा-दीड किलो भरते. त्यामुळे पुष्कळदा पाठविण्याचा खर्च आतल्या मालापेक्षा अधिक होतो. ऋतूही पाहावा लागतो. कडक उन्हाळ्यात बिअर उकडते, बर्फाच्या दिवसांत गोठून बाटली फुटते. हॉप्स या वेलीच्या फुलांचा ताजा सुगंध हेच जिचे वैशिष्ट्य, ती बिअर काही आठवड्यांतच उतरते. गडद रंगाची, कडक बिअर मात्र वर्षानुवर्षे टिकते आणि मुरते.

आणि या व्यवहाराचा सर्वांत गोड रिवाज म्हणजे वरचे माप. ठरल्या असतील चार बाटल्या, तर पेटीत पाच किंवा सहा घालायच्या. न मागितलेली, न सांगितलेली एखादी वस्तू आत ठेवायची. आपला भाजीवाला वांगी तोलून झाल्यावर वर चार मिरच्या टाकतो, तसेच हे. हे ऐकताना मला लूककृत शुभवर्तमानातील दाबून, हलवून, ओसंडून वाहणाऱ्या मापाची आठवण झाली. व्यवहार समसमान झाला तर हिशेब मिटतो. वर थोडे पडले तर ओळख सुरू होते.

एवढे सांगून झाल्यावर मुलाने मूळ मुद्द्याला हात घातला. जपानमधील ओसाका शहरातील एका गृहस्थाशी त्याची देवघेव चालते. जपानमध्ये एक टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय परवान्यावाचून घरी बनविता येत नाही. त्यामुळे ते गृहस्थ स्वतः काही बनवीत नाहीत, पण देशोदेशीच्या पारंपरिक पेयांविषयी त्यांना विलक्षण कुतूहल. त्यांनी कोठेतरी मोहाच्या दारूविषयी वाचले आणि याच्याकडे मागणी केली. "फादर, तुमची पांढरकवड्याकडच्या पोडांवर ओळख आहे. एक चांगली, शुद्ध बाटली मिळेल का? मी तुमच्यासाठी आपल्याच मठवासीयांनी बनविलेली बिअर आणीन."

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. नकार द्यायचा हे मनाशी ठरले होते, पण आईच्या भीतीला आणि मुलाच्या उत्साहाला एकाच वेळी न्याय द्यायचा तर हा विषय समजून घेणे भाग होते. मी वाचू लागलो.

बिअर समुद्र ओलांडून आपल्या देशात येण्याची कथा दोनशे वर्षांहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडील बो येथे हॉजसन यांचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना स्वतःचा थोडा खाजगी व्यापार करण्याची मुभा असे. ते हॉजसनची पिंपे उधारीवर घेत आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्यास आणून विकत. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तत्पूर्वी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी पोहोचत. एवढ्या उष्म्यात साधी बिअर आंबून जाई. हॉप्स भरपूर घातलेली बिअर मात्र टिके, इतकेच नव्हे तर प्रवासात मुरून अधिक रुचकर होई. १८२० च्या दशकात बर्टन गावचे उत्पादक या व्यापारात उतरले आणि पुढे या प्रकाराला 'इंडिया पेल एल' असे नावच पडले. हॉप्समुळे पेय टिकते ही गोष्ट बाराव्या शतकात जर्मनीतील एका मठवासिनीने आपल्या ग्रंथात नोंदविली होती. ती संत हिल्डेगार्ड. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला धर्मपंडित ही पदवी दिली. मठातील एका स्त्रीचे बारीक निरीक्षण आणि मुंबईच्या बंदरात उतरणारी पिंपे यांचा असा दूरचा संबंध आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. साहेबाची बिअर राजरोसपणे बंदरात उतरत होती, त्याच काळात रानातल्या माणसाच्या पेयावर पहारा बसत होता. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता, पण मोहावरील संशय पुढे सगळीकडेच रुजला. आमच्याकडील गोंड व कोलाम बांधवांसाठी मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडणारा तो पिवळसर, रसाळ सडा बायका-मुले टोपल्यांत वेचून आणतात. वाळविलेली फुले अडचणीच्या महिन्यांत पोटाला आधार देतात आणि बियांचे तेल निघते. जन्म, लग्न, मरण अशा प्रसंगी पूर्वजांच्या नावाने मोहाच्या दारूची धार सोडली जाते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. त्याच वर्षी छत्तीसगडच्या जंगलातील वाळविलेली मोहफुले समुद्रमार्गे फ्रान्सला रवाना झाली. ही बातमी वाचताना त्या जुन्या पिंपांचा उलटा प्रवास माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

म्हणजे मोहाविषयी माझ्या मनात अढी नाही. तरीही मी मुलाला नकार कळविला आणि त्याची कारणे सविस्तर लिहिली.

पहिले कारण कायद्याचे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य बनविणे, बाळगणे, वाहून नेणे वा राज्याबाहेर पाठविणे हा गुन्हा आहे. विमानाचेही नियम आहेत. चोवीस टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले पेय धोकादायक मालात मोडते आणि प्रवाशाला ते दुकानातील मूळ बंद बाटलीतूनच नेता येते. पोडावरील कॅनमधून भरून घेतलेली बाटली त्यात बसत नाही. दुसरे कारण शुद्धतेचे. गूळ-नवसागर घातलेल्या हातभट्टीला मोहाचे नाव देणारे विक्रेते आज गावोगावी आहेत, आणि कोणती बाटली कशी याची खात्री मी कोणाच्या भरवशावर देणार? जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटत होते. अमेरिकेत टपालाने मद्य पाठविण्यास १९०९ पासून बंदी आहे, आणि खाजगी कुरिअरवालेही परवानाधारकांखेरीज इतरांचे मद्य स्वीकारीत नाहीत. त्यामुळे तेथील काही हौशी मंडळी पेटीवर 'यीस्टचे नमुने' किंवा 'काचसामान' असे लिहून मोकळी होतात, हे त्या मुलानेच मला सांगितले होते. मी त्याला लिहिले, "तुमचा सारा छंद शब्दावर उभा आहे. ज्याला कधी पाहिले नाही त्याच्यावर तुम्ही विश्वास टाकता, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मग पेटीवरचाच शब्द खोटा असेल तर आतल्या शब्दाची किंमत काय राहिली? आमच्याकडे नदी ओलांडणारी बाटलीही भाजीच्या पाटीखालूनच जाते."

त्याचे उत्तर दोन दिवसांनी आले. बेल्जियमहून जपानला पेटी पाठविताना तो कागदावर बिअर असेच लिहितो आणि तिकडचे गृहस्थ कर भरून ती सोडवून घेतात. मोहाचा हट्ट त्याने सोडला. मात्र त्याने मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मठाविषयी होता.

बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतात वेस्टव्लेटेरेन येथे संत सिक्स्टस यांच्या नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे. १८३१ साली स्थापन झालेल्या या मठात त्याच दशकापासून बिअर बनविली जाते. कितीतरी वर्षे त्यांच्या बाटलीला चिठ्ठी नसे, जो काही मजकूर तो बुचावर. २००५ साली रसिकांच्या एका जागतिक क्रमवारीत त्यांची कडक बिअर पहिली आली आणि मठापुढे मोटारींची रांग लागली. दुसरा कोणी असता तर त्याने कारखाना वाढविला असता. मठवासीयांनी उत्पादन होते तेवढेच ठेवले. आधी नाव नोंदवावे, ठराविकच क्रेट न्यावेत, आणि नेलेली बिअर पुढे विकू नये, अशी त्यांची अट. २०१२ साली मठाच्या नव्या बांधकामासाठी पैसा हवा होता, तेव्हा तेवढ्यापुरती त्यांनी परदेशात विक्री केली आणि पुन्हा आपली मर्यादा पाळली. २०१८ साली नेदरलँड्समधील एका दुकानसाखळीने त्यांची बिअर परस्पर मिळवून चढ्या भावाने विकली, तेव्हा त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. या वागण्याचे मूळ संत बेनेडिक्टच्या नियमावलीत आहे. मठातील वस्तू बाहेरच्यापेक्षा किंचित स्वस्त विकावी, किमतीत लोभ शिरू देऊ नये, असे तो सांगतो. पेयाच्या बाबतीतही तो रोजचे माप ठरवून देतो, आणि ज्यांना अजिबात वर्ज्य करण्याचे बळ लाभले आहे त्यांना त्याचे प्रतिफळ मिळेल, असे जोडून देतो.

मुलाचा प्रश्न असा होता की, ही बाटली देवघेवीत दिली तर मठाला दिलेला शब्द मोडतो का? मी विचार करून लिहिले की, पैसा घेतला तर निश्चित मोडतो. पण 'ही देतो, त्याच्या बदल्यात अमुकच दुर्मीळ बाटली दे' अशी घासाघीस केली तरी ती विक्रीच झाली, फक्त नाणे बदलले. ती वरच्या मापात घाल, न मागता दे. मग शब्द मोडत नाही.

नाताळला तो घरी आला. बाटली उंबऱ्याच्या आत येता कामा नये, ही आईची सक्त ताकीद होती आणि त्याने ती पाळली. आपल्या सीमाशुल्क खात्याच्या नियमानुसार प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य आणता येते. त्याने एकच बाटली आणली होती. नागपूरहून तो थेट माझ्याकडे आला, ती माझ्या टेबलावर ठेवली आणि मगच घरी गेला. संध्याकाळी तो परत आला तेव्हा सोबत वडील होते. मला थोडी धास्ती वाटली. मी बाटली कपाटात ठेवण्यासाठी उठलो, तर गुरुजींनी हाताने मला थांबविले.

त्यांनी ती उजेडासमोर धरून पाहिली. गडद तपकिरी काच, आतले काही दिसत नव्हते. मग त्यांनी वर्गात विचारावेत तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली. धान्य कोणते? मोड किती दिवस आणतात? भाजतात कशावर? पाणी विहिरीचे की नदीचे? मुलगा उत्तरे देत गेला. सातू कसा भिजवितात, मोड आल्यावर तो कसा वाळवितात, यीस्ट साखर खाऊन मद्यार्क कसा बनविते, बाटलीत बंद झाल्यावरही ते कसे जिवंत राहते. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या त्या गृहस्थांना धान्याची भाषा कळत होती. तासभर बापलेक बोलत होते. अखेर गुरुजींनी विचारले, "अन् चव कशी असते, सांग."

मुलगा जरा घुटमळला. मग म्हणाला, "बाबा, आधी खारकेसारखी लागते. मग काकवी जरा जास्त कढली की लागते ना, तशी. शेवटी जिभेवर कडसर राहते."

गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बारा वर्षं झाली असतील माझी पिण्यात. चव मी कधी घेतलीच नाही. मी फक्त प्यालो."

त्या घरात दारू हा शब्द आजवर भांडणाशिवाय उच्चारला गेला नव्हता. मुलाच्या लहानपणी तो आरडाओरड्यात उच्चारला जाई, आणि पुढची अकरा वर्षे भीतीने कोणी तो उच्चारलाच नाही. त्या संध्याकाळी प्रथमच बापलेक त्याविषयी शांतपणे बोलू शकले. बाटली बंदच होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी घडलेले सारे पत्नीला सांगितले. तिची भीती एका दिवसात गेली असे मी म्हणणार नाही. बारा वर्षे फाटकाशी उभे राहिलेल्या स्त्रीची भीती तशी जात नसते, आणि ती जावी अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकारही नाही. पण ओसाकाच्या गृहस्थांना मोहाविषयी जाणून घ्यायचे आहे, हे कळल्यावर ती म्हणाली, "दारू कायले पाठवता? मोह कसा वेचतात ते लिहून पाठवा ना. म्या वेचला आहे लहानपणी." तिने सांगितले, गुरुजींनी वळणदार अक्षरात मराठीत लिहिले, मुलाने खाली इंग्रजी भाषांतर केले. पहाटे कोणत्या वेळी निघायचे, झाडाखालचा पाचोळा का झाडायचा, तो जाळला तर रान कसे पेटते, ओली फुले किती दिवस अंगणात पसरायची, भाकरीत किती घालायची. चार पाने झाली.

बाटली मी ठेवून घेतली नाही. मुलगा ती सामानातून परत घेऊन गेला आणि ओसाकाच्या पेटीत ठरलेल्या चार बाटल्यांवर पाचवी म्हणून तिने जागा पटकावली. सोबत ती चार पाने. फेब्रुवारीत तिकडची पेटी गेंटला पोहोचली. त्यातही वरचे माप होते, हिरव्या चहाचे एक पाकीट, आणि त्यावर लिहिलेले, "मोह वेचणाऱ्या आईसाठी." मुलाने ते टपालाने यवतमाळला पाठविले. पाकिटावर चहा लिहिले होते आणि आत चहाच होता.

या साऱ्यावरून छंद चांगला की वाईट असा निकाल मी देऊ इच्छित नाही. आपल्या ख्रिस्तसभेत दोन्ही परंपरा आहेत. एकीकडे बिअर बनवून हातच्या श्रमावर जगणारे मठवासी आहेत, आणि आपल्या जुन्या विधिग्रंथात बिअरवरील आशीर्वादाची प्रार्थनाही आहे. दुसरीकडे १८९८ साली डब्लिन येथे जेझुइट धर्मगुरू जेम्स कलन यांनी सुरू केलेली पायोनियर चळवळ आहे. तिचे सभासद, दारू मुळातच पाप आहे म्हणून नव्हे, तर ज्यांना ती सोडवत नाही त्यांच्यासाठी अर्पण म्हणून आयुष्यभर ती वर्ज्य करतात. संत पौलाने रोमकरांना लिहिताना, ज्यामुळे आपला भाऊ अडखळेल असे खाणेपिणे सोडून देणेच बरे, असे बजावले आहे. म्हणजे प्रश्न बाटलीत काय आहे एवढाच नाही, ती कोणासमोर ठेवली जात आहे हाही आहे. गेंटमध्ये जी वस्तू निर्दोष असेल, ती आमच्या एखाद्या घराच्या उंबऱ्यावर निर्दोष असेलच असे नाही. त्या मुलाने ही गोष्ट कोणी न शिकविता ओळखली, आणि म्हणून तो प्रथम माझ्याकडे आला.

आपल्या कितीतरी कुटुंबांतील मुले आज परदेशी आहेत. त्यांच्या खोलीतील फळीवर काय मांडलेले आहे हे मोबाइलवर दिसते, पण का मांडले आहे हे दिसत नाही. आईबापांनी घाबरण्याआधी विचारावे, आणि मुलांनी हसण्यावारी नेण्याआधी नीट सांगावे, एवढेच मला सुचवायचे आहे. त्या माउलीने परवा मला चहाला बोलाविले होते. तो हिरवा चहा तिला मुळीच आवडलेला नाही. कडू लागतो म्हणते. तरीही पाकीट संपू नये म्हणून ती तो फक्त पाहुण्यांना, चिमूटचिमूट घालून देते.